एमबीएला स्पेशलायझेशन कुठलं घ्यावं? सातारा-सांगलीच्या जाणकारांचा अनुभव धागा

संगममाहुली (धागाकर्ती)
दुसरं सत्र संपत आलं की साताऱ्यापासून मिरजेपर्यंत एमबीएची मुलं एकमेकांना एकच विचारतात: फायनान्स घेतोयस की मार्केटिंग? आणि बहुतेक जण शेजारच्या बाकावरचा काय भरतो ते बघून फॉर्म भरतात. जे या कामात रोज आहेत त्यांना विनंती, आपली कहाणी नको. त्या विषयात पहिल्या दोन वर्षांत हातात काय काम पडतं, कोणतं गणित यावंच लागतं आणि मुलं नेमकी कुठे अडकतात, एवढं लिहा. आपल्या दोन जिल्ह्यांतली उदाहरणं दिलीत तर फार बरं.

ताळेबंद, सांगली
फायनान्सपासून सुरुवात करतो. फायनान्स म्हणजे शेअर बाजार, हा समज घेऊन येणारी मुलं इथे हमखास नाराज होतात. सांगली-कुपवाडच्या कारखान्यात किंवा सहकारी बँकेच्या कर्ज विभागात पहिलं काम असतं खेळत्या भांडवलाचं: स्टॉक स्टेटमेंट, सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे मागचे-पुढचे आकडे), ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणं बघून बँक किती उचलू देते ती मर्यादा).

ड्रॉइंग पॉवर कागदावर काढता येते का ते आधी बघा. समजा माल 80 लाखांचा आहे आणि त्यातल्या 30 लाखांचे पैसे पुरवठादाराला द्यायचे आहेत. मग बँक धरणार 50 लाख. त्यावर 25 टक्के मार्जिन (धंदेवाल्याचा स्वतःचा वाटा) कापलं की राहिले साडेसदतीस. गिऱ्हाइकांकडून येणं 60 लाख, पण त्यातलं 20 लाख नव्वद दिवसांच्या वरचं, ते बाद. उरलेल्या 40 लाखांवर 40 टक्के मार्जिन कापलं की 24. एकूण साडेएकसष्ट लाख. (मार्जिन आणि दिवस बँकेच्या मंजुरीपत्राप्रमाणे बदलतात.) मुलं चुकतात ती दोन ठिकाणी. देणं वजा करायचं विसरतात, आणि जुनं येणं तसंच ठेवतात. दोन्हीमुळे आकडा फुगतो आणि स्टॉक ऑडिटला उघडा पडतो.

असली आकडेमोड करताना वेळ कसा गेला कळलं नाही तर फायनान्स तुमचंच. एक मात्र स्वच्छ सांगतो: वैधानिक ऑडिटवर सही सीएची लागते, एमबीएची चालत नाही. टॅक्स आणि ऑडिटच करायचं असेल तर रस्ता वेगळा आहे.

रेठरेचा ऊस
ताळेबंद यांच्या म्हणण्याला जोड. आपल्याकडे फायनान्स शिकायला साखर कारखान्याइतकं चांगलं उदाहरण नाही. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्याला एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. रोज 5,000 टन गाळप धरलं तर दिवसाला पावणेदोन कोटींच्या वर ऊसबिल चढतं. ऊस आल्यापासून 14 दिवसांत ते द्यायचं, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. चौदा दिवसांचं धरा, जवळपास 25 कोटी. साखर मात्र केंद्राच्या महिनेवारी कोट्यानेच विकायची. पैसा हिवाळ्यात जातो आणि वर्षभर थोडाथोडा येतो, मधली दरी मालतारण कर्जाने (साखर तारण ठेवून) भरायची. प्रोजेक्टला ही दरी महिनावार मांडा. नफा-तोटा पत्रक तिथे पुरत नाही, रोकड प्रवाहच लागतो. त्यात डिस्टिलरी असेल तर इथेनॉलचा पैसा कधी येतो याचा वेगळा रकाना ठेवा.

पहिली पाळी, कुपवाड
ऑपरेशन्स घेणारी मुलं वर्गात कमी असतात आणि त्यांची गरज मात्र जास्त असते. कुपवाड, पलूस, किर्लोस्करवाडी, सातारा एमआयडीसी, शिरवळ या पट्ट्यात फाउंड्री, मशिन शॉप, पंप आणि वाहनांचे सुटे भाग आहेत. इंजिनिअर नसलात तरी चालतं. पण शॉप फ्लोअरवर उभं राहायची तयारी हवी.

ओईई (मशिनचा खरा उपयोग किती टक्के झाला) हा एक आकडा नीट काढायला शिका. पाळी 480 मिनिटांची, चहा-जेवणाच्या सुट्ट्या वजा करून 450. मशिन 60 मिनिटं बंद, म्हणजे चाललं 390. एका नगाला दीड मिनिट, म्हणजे 260 व्हायला हवे होते, झाले 220. त्यातले चांगले 209. उपलब्धता 86.7 टक्के, वेग 84.6, गुणवत्ता 95. गुणाकार 69.7 टक्के. पडताळा सोपा आहे: 209 गुणिले दीड, भागिले 450.

आकड्यापेक्षा मोलाचं ते 60 मिनिटांचं कारण. टूल बदलायला वेळ गेला, कास्टिंग वेळेवर आलं नाही की ऑपरेटर दुसऱ्या मशिनवर होता? लॉगबुकात नुसतं ‘मशिन बंद’ लिहिलेलं असतं, आणि मुलं तोच शब्द प्रोजेक्टमध्ये उतरवतात. तीन पाळ्या स्वतः घड्याळ लावून बसल्याशिवाय कारण सापडत नाही.

पेवातली हळद
सांगलीत राहून ॲग्री-बिझनेसकडे ‘शेतीचा विषय’ म्हणून पाठ फिरवतात, याचं मनापासून वाईट वाटतं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद साठवायची इथली जुनी रीत, तासगावचा बेदाणा तर देशभर जातो. या विषयाचा गाभा म्हणजे माल ठेवायचा की विकायचा.

समजा आज भाव 12,000 रुपये क्विंटल आणि सहा महिने ठेवायचंय. गोदामाच्या पावतीवर 70 टक्के कर्ज मिळालं, 8,400. दहा टक्क्यांनी व्याज 420. स्वतःचे अडकलेले 3,600, त्यावरही तेवढाच दर धरा, 180. भाडं पन्नास किलोच्या पोत्याला महिना 12 रुपये म्हणजे 144. दोन टक्के तूट, 240. एकूण 984. म्हणजे भाव हजारभर वाढला तर कुठे बरोबरी होते. दर तुमच्या गोदामाचे आणि बँकेचे घाला, पण रकाने हेच. स्वतःच्या पैशावरचं व्याज आणि तूट हे दोन रकाने जवळपास सगळेच विसरतात.

बेदाण्याला आणखी एक गुणोत्तर ध्यानात ठेवा: साधारण चार किलो द्राक्षं, एक किलो बेदाणा. द्राक्षाचा दर ठरवताना आधी तेच बघतात. निर्यातीकडे जायचं असेल तर इंटरनॅशनल बिझनेसचा पेपर जोडीला घ्या. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाला अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंदणी लागते आणि औषधांच्या अंशाची तपासणीही.

माणदेशी
मार्केटिंग: पहिली नोकरी सेल्सचीच असते, जाहिरातीची नाही. ठरलेल्या रूटवर दिवसाला तीस-चाळीस दुकानं, डिस्ट्रिब्युटरचा स्टॉक, उधारी वसुली. एक गणित पाठ करा. 100 रुपये एमआरपीच्या पाकिटावर दुकानदाराला एमआरपीच्या 10 टक्के दिले तर त्याला पडलं 90 ला. पण 90 वर 10 रुपये म्हणजे 11.1 टक्के. मार्जिन (विक्रीच्या किमतीवरचे टक्के) आणि मार्कअप (खरेदीच्या किमतीवरचे टक्के) यांची गल्लत झाली की स्कीम तोट्यात जाते. अनोळखी दुकानात पाय टाकायला जड जात असेल तर हा विषय नको.

कृष्णाकाठ, कऱ्हाड
एचआरबद्दल. ‘मला माणसं आवडतात’ हे कारण पुरेसं नाही. इकडच्या कारखान्यांत एचआर म्हणजे हजेरी, पगारपत्रक, कंत्राटी कामगार आणि कायदा. पीएफ कामगाराचा 12 टक्के, मालकाचा 12, त्यातला 8.33 पेन्शनला, तोही 15,000 च्या मर्यादेवर म्हणजे जास्तीत जास्त 1,250. ईएसआय (कामगार विमा) 21,000 पर्यंतच्या पगाराला: कामगार 0.75, मालक 3.25. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो, ग्रॅच्युइटीचा हिशेब त्यामुळे हलतो. जुन्या नोट्सवर परीक्षा निघेल, मुलाखत निघणार नाही. आणि पंपाच्या किंवा साखरेच्या कारखान्यात जायचं तर संघटनेशी बोलणी कशी होतात, करार किती वर्षांचा, हे वाचून जा.

तिसरा रकाना, विटा
बिझनेस ॲनालिटिक्स मायनर (जोडविषय) म्हणून उत्तम, एकटं मेजर (मुख्य विषय) म्हणून मी सुचवणार नाही. इथले उद्योग टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. टॅलीतला डेटा एक्सेलमध्ये आणून एकाच गिऱ्हाइकाची चार स्पेलिंगं एक करणं, हेच निम्मं काम. ते, थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि संख्याशास्त्र आलं की फायनान्स किंवा ऑपरेशन्सची किंमत वाढते. नुसते रंगीत डॅशबोर्ड शिकून भागत नाही.

संगममाहुली
सगळ्यांचे आभार. एक विचारते: मायनर नंतर बदलता येतं का? आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिप तर बऱ्याच ठिकाणी निवडीच्या आधीच असते, मग ती कुठे करावी?

वर्गातला फळा, सातारा
ताई, बदलता येतं की नाही हे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाच्या नियमांत असतं. तोंडी उत्तरावर जाऊ नका, परिपत्रक मागा. बदल मिळाला तरी तिसऱ्या सत्राचे राहिलेले पेपर मागाहून द्यावे लागतात का, ते त्यातच बघा.

फॉर्म भरण्याआधी कार्यालयात चार गोष्टी विचारा. तो स्पेशलायझेशनचा गट चालवायला किमान किती विद्यार्थी लागतात? गेल्या वर्षी तो खरंच चालला का? कोणते पेपर पूर्णवेळ शिक्षक घेतात आणि कोणते बाहेरून येणारे? आणि त्या गटातली मुलं कुठल्या पदावर लागली? कंपनीचं नाव नको, पद विचारा. माहितीपत्रकात सहा स्पेशलायझेशन छापलेली असतात. संख्या भरली नाही की त्यातली काही उघडतच नाहीत, आणि मुलांना ऐनवेळी दुसऱ्या गटात बसवतात. म्हणून फॉर्मवर दुसरी पसंतीसुद्धा तेवढाच विचार करून लिहा.

इंटर्नशिप सहा ते आठ आठवड्यांची धरा. ज्या दोन विषयांत मन अडकलंय ते दोन्ही जिथे दिसतील अशी जागा शोधा. दूध संघात संकलन, खर्च आणि विक्री एकाच आवारात दिसते, मध्यम फाउंड्रीत उत्पादन आणि बँकेचे कागद. पहिल्या आठवड्यातच मार्गदर्शकाकडून खरे आकडे वापरायची लेखी परवानगी घ्या. ती शेवटी मागितली की नकार येतो आणि मग प्रोजेक्टमध्ये कल्पित आकडे भरावे लागतात.