मदत हवी आहे: उन्हाळ्यात घरगुती धिंगरीसाठी ओलावा टिकवणारे भांडे कोणते घ्यावे?

नमस्कार.

पुण्यातील आमच्या सदनिकेत, गॅलरीलगतच्या खोलीत मी घरापुरती धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेते. पावसाळ्यात आणि थंडीत प्रशिक्षणात शिकवतात तीच रीत उत्तम चालते: काडावर धिंगरीची पांढरी बुरशी पूर्ण पसरली की प्लास्टिकची पिशवी कापून काढायची, उघडा गठ्ठा टांगायचा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचे. मार्चनंतर मात्र दुपारच्या हवेतील आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि धिंगरीला फळधारणेच्या वेळी ८० ते ९० टक्के आर्द्रता लागत असल्यामुळे, टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आले की ते दोन दिवसांत पिवळे पडून वाळतात. दिवसभर फवारणी करत राहणे नोकरी करणाऱ्या माणसाला शक्य नाही. म्हणून फवारणी वाढवण्याऐवजी भांडेच बदलावे, असा माझा विचार आहे.

नेमका सल्ला मिळावा म्हणून तयारीचा तपशील देते. गव्हाचे काड तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे कापून रात्रभर भिजवते, ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवते आणि चाळणीवर निथळू देते. मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटावा, इतपतच ओल ठेवते. म्हणजे पाण्याचे प्रमाण ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास असावे. काड पूर्ण थंड झाल्यावर ओल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के स्पॉन (अळिंबीचे बियाणे) थर देऊन भरते. फॉर्मालिन व बाविस्टिन या रसायनांनी काड निर्जंतुक करण्याची पद्धत माहीत आहे, पण राहत्या घरात ती वापरायची नाही.

माझ्यासमोर चार पर्याय आहेत: झाकणाची दहा लिटरची प्लास्टिकची बादली, पारदर्शक मोठा डबा, थर्माकोलची पेटी आणि मातीचा माठ. मनापासून सांगायचे तर मला माठच वापरायचा आहे. दर हंगामात पिशव्यांचा ढीग कचऱ्यात जाताना पाहवत नाही, आणि माठामुळे आतले तापमानही खाली राहील असे वाटते. पण पाणी पाझरून बाहेर जाणारे भांडे ओलावा टिकवणार कसे, हे कोडे सुटत नाही. शेतकऱ्यांच्या परिचयाच्या शून्य ऊर्जा शीतकक्षात विटांच्या दोन भिंतींमधील वाळू ओली ठेवून भाजीपाला गार व टवटवीत राखतात. तेच तत्त्व येथे लागू पडेल का? शिवाय झाकण घट्ट ठेवले तर अळिंबी गुदमरते आणि मोकळे ठेवले तर वाळते, यातून मार्ग कसा काढावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण तयारीचा तपशील दिला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. भांडे निवडण्यापूर्वी पाणी कुठे साठलेले असते ते पाहू. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे पन्नास लिटरच्या डब्यातील हवेत जेमतेम सव्वा ग्रॅम. याउलट तीन किलो ओल्या काडात दोन लिटरच्या जवळपास पाणी असते, आणि अळिंबीचे नव्वद टक्के वजन पाण्याचेच असल्यामुळे पीक पोसले जाते ते या साठ्यातून. डब्यातील हवा झाकण उघडताच बदलते व सव्वा ग्रॅम बाष्प क्षणात निघून जाते. काडातील दोन लिटर पाणी वाचवणे हे भांड्याचे खरे काम आहे.

या कसोटीवर मी बादलीला पहिली पसंती देईन. तिच्या भिंतीला आठ ते दहा मिलिमीटरची छिद्रे, एकमेकांपासून १२ ते १५ सेंटिमीटरवर, एका ओळीतील छिद्र दुसऱ्या ओळीच्या दोन छिद्रांच्या मध्ये येईल अशी पाडावीत. तळाला निचऱ्यासाठी दोन-तीन बारीक छिद्रे पुरतात. बुरशी पसरेपर्यंत बाजूच्या छिद्रांवर मायक्रोपोर (हवा जाऊ देणारी कागदी) चिकटपट्टी लावावी आणि कोंब दिसू लागले की ती काढावी. अळिंबीचे घोस छिद्रांतून बाहेर येतात, त्यामुळे त्यांना ताजी हवा मिळते आणि काड मात्र झाकलेलेच राहते. उघड्या गठ्ठ्याचा सर्व पृष्ठभाग वाळतो, तर येथे फक्त छिद्रांच्या तोंडाशी आर्द्रता सांभाळावी लागते. त्यासाठी बादली एखाद्या चौकटीत ठेवून तिन्ही बाजूंनी गोणपाट सोडावा आणि त्याचे खालचे टोक पाण्याच्या परातीत बुडवावे. गोणपाट पाणी वर ओढतो. तुम्ही कामावर असताना एवढी सोय बरीच उपयोगी पडते, मात्र कडक उन्हाळ्यात त्याचा वरचा भाग सकाळ-संध्याकाळ हाताने भिजवावा लागेल.

पारदर्शक डबा वाईट नाही, पण त्यात हवेचा प्रश्न गंभीर होतो. वाढणारी बुरशी सतत कर्बवायू सोडते आणि तो साचला की देठ लांबतात व छत्री लहान राहते. अशी लांबुडकी अळिंबी दिसली की पाणी वाढवू नये, छिद्रे वाढवावीत. झाकणावर साचलेले थेंब छत्रीवर पडून तासन् तास तसेच राहिले, तर जिवाणूंमुळे पिवळे-तपकिरी डाग पडतात. डबा घ्यायचाच असेल तर तळाशी ओल्या परलाइटचा (पाणी धरून ठेवणाऱ्या हलक्या पांढऱ्या खनिज दाण्यांचा) थर द्यावा आणि काडाचा गठ्ठा त्याच्या वर जाळीवर ठेवावा.

थर्माकोलची पेटी उन्हाळ्यात टाळावी. बुरशी पसरत असताना काडात स्वतःची उष्णता तयार होते आणि ती पेटीबाहेर पडत नाही. खोली ३२ अंशांवर असेल तर काडाचा गाभा त्याहूनही काही अंश तापतो आणि पीक बिघडवणाऱ्या हिरव्या बुरशीला रान मोकळे मिळते.

प्रतिसाद २

माठाबद्दल थोडे लिहितो, कारण आपली ओढ तिकडे आहे आणि ती मला रास्त वाटते. नुसत्या माठात काड भरले तर मातीची भिंत काडातूनच पाणी शोषून बाहेर उडवते. गारवा मिळतो, पण त्याची किंमत काडातील ओलाव्याने मोजावी लागते. शीतकक्षाचे तत्त्व वापरले तर हे उलटवता येते: रुंद तोंडाची मातीची कुंडी तिच्याहून मोठ्या कुंडीत ठेवावी, मधल्या फटीत वाळू भरावी आणि ती वाळू रोज भिजवावी. मग बाष्पीभवन वाळूतल्या पाण्याचे होते, काडातले पाणी शिल्लक राहते आणि आतली भिंत ओलसर असते.

पीक वरच्या उघड्या तोंडातून येईल, म्हणून झाकण न ठेवता ओले मलमलचे फडके काठीवर उंच ताणून ठेवावे. ते कोंबांना टेकू देऊ नये. अरुंद तोंडाचा पाण्याचा माठ घेऊ नये, कारण बुरशी मातीच्या खरबरीत भिंतीला घट्ट धरते आणि पीक संपल्यावर काड बाहेर काढणे फार जिकिरीचे होते. दोन पिकांच्या मध्ये कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवणे आवश्यक आहे, कारण छिद्राळ मातीत हिरव्या बुरशीचे बीजाणू दडून राहतात.

आणखी एक गोष्ट राहत्या घरासाठी महत्त्वाची आहे. छत्रीच्या कडा सपाट होऊन वर वळण्यापूर्वीच तोडणी करावी. उशीर झाला की धिंगरी भरपूर बीजाणू सोडते आणि बंद खोलीत त्यांचा खोकला व श्वसनाचा त्रास होऊ शकतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काड हाच पाण्याचा साठा आहे, हे आकड्यांसह समोर आल्यावर माठाचे कोडेही उलगडले. आता एक बादली गोणपाटाच्या आडोशात आणि एक दुहेरी कुंडी, दोन्हींत एकाच वेळी, सारख्याच वजनाचे काड भरून लावते. एक शंका उरली आहे: पहिली तोडणी झाल्यावर काड हलके झालेले असते, तेव्हा दुसऱ्या बहरासाठी बादलीतले काड पुन्हा भिजवावे की वरून फवारणी पुरते?

प्रतिसाद १ कडून

फवारणीचे पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. उरलेले देठ खरवडून काढावेत, बादली थंड पाण्याच्या टबात वजन ठेवून काही तास बुडवावी आणि पूर्ण निथळू द्यावी. भरतानाचे वजन बादलीवर लिहून ठेवा, म्हणजे किती पाणी कमी झाले याचा अंदाज ताणकाट्यावर येईल. मात्र घटलेल्या वजनात तोडलेली अळिंबी आणि बुरशीने खाल्लेले काडही असते, त्यामुळे मूळ वजन पुन्हा गाठण्याचा अट्टहास करू नका. काडाला आंबूस वास येत असेल किंवा हिरवे ठिपके दिसत असतील, तर बुडवण्याचा प्रयत्न न करता ते थेट खताच्या खड्ड्यात टाकावे.