तुरीचं प्रोटीन मास स्पेकला (रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन) द्यायचंय, सॅम्पल प्रेप सोपं कसं करावं?

लातूरकर: डीटीटी (प्रोटीनमधले सल्फरचे बंध तोडायला), मग आयोडोअ‍ॅसिटामाइड (ते बंध परत जुळू नयेत म्हणून), मग रात्रभर ३७ अंशावर ट्रिप्सिन (प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम), मग सी१८ टिपमधून (मीठ-घाण काढणारी पिपेट टिप) क्लीनअप, ट्यूबा बदलू बदलू निम्मा माल वाटेतच जायलाय अन् रात्री लाईट गेली की इन्क्युबेटर थंडगार. शॉर्टकट हाय का काही?

परभणीची ताई: त्या पहिल्या दोन्हींच्या जागी टीसेप अन् क्लोरोअ‍ॅसिटामाइड एकदमच टाक, ९५ अंशावर १० मिनिटं, झालं. बफरमध्ये युरिया असंल तर मात्र तापवू नको बाबा, कार्बामायलेशन होतं, म्हंजे युरियातून निघालेलं प्रोटीनला चिकटून बसतं.

नांदेडवाला: एसपी३ (चुंबकी बीड्सवर सॅम्पल साफ करायची पद्धत) बघ की, २०१४ ची मेथड हाय. इथेनॉल टाकलं की प्रोटीन चुंबकी बीड्सला चिकटतं, मग ८० टक्के इथेनॉलनं धू, एसडीएस (प्रोटीन विरघळवायचं डिटर्जंट) जातं, ट्रिप्सिनबी त्याच ट्यूबमध्ये.

लातूरकर: लाईटचं काय पण?

नांदेडवाला: इन्व्हर्टर 😄 अन् ग्लोव्ह्ज घाल, नाहीतर तुरीआधी तुझंच केराटिन (कातडी-केसांतलं प्रोटीन) दिसायचं.