एकेरी टायमिंग चेनऐवजी दुहेरी चेन बसवताना कोणती तपासणी आवश्यक आहे?

प्रश्न

जुन्या मिनी गाडीचे ए-सीरिज इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधत आहे. क्रँक आणि कॅमशाफ्ट यांना जोडून झडपांची वेळ ठरवणारी मूळची एकेरी टायमिंग चेन बरीच सैल झाल्यामुळे दोन्ही स्प्रॉकेटसह (दातेरी चाकांसह) दुहेरी चेनचा संच घेतला आहे. कॅमशाफ्टही (झडपा उघडणारा दंड) नवा आहे. ब्लॉकमधील मुख्य बेअरिंगच्या घरांचे लाइन बोअरिंग (ती एका रेषेत नव्याने कातणे) झालेले आहे. स्प्रॉकेटवरील ठिपके समोरासमोर आणून चेन चढवली की काम पूर्ण होते का? शिवाय कॅमचे मोठे स्प्रॉकेट पुढच्या प्लेटच्या बोल्टच्या डोक्यांना घासते आहे, त्यावर उपाय काय?

पहिले उत्तर

घासण्याचा प्रश्न नेहमीचाच आहे. दुहेरी स्प्रॉकेट रुंद असल्याने त्याच्या मागे येणारे प्लेटचे दोन बोल्ट काढून तेथे चपट्या डोक्याचे काउंटरसंक स्क्रू घालावे लागतात आणि त्यासाठी प्लेटच्या भोकांना खोलगट कडा द्यावी लागते. स्क्रूंना थ्रेडलॉक (आटे घट्ट धरून ठेवणारा द्रव) लावावे. ते सुटले तर चेनच्याच वाटेत येतील. त्यानंतर चेन न चढवता स्प्रॉकेट हाताने पूर्ण फिरवून पाहावे.

याहून अधिक दुर्लक्ष होते ते दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आणण्याकडे. क्रँकच्या स्प्रॉकेटमागील शिम (पातळ चकत्या) जुन्या स्प्रॉकेटच्या मापाने घातलेले असतात, त्यामुळे ते जसेच्या तसे परत घालणे बरोबर नाही. दोन्ही शाफ्ट मागे दाबून धरावेत, दातांच्या बाजूवर सरळ पट्टी ठेवावी, फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी आणि तेवढ्याच जाडीने शिम कमी-अधिक करावेत.

दुसरे उत्तर

ठिपके जुळवणे ही सुरुवात आहे. कॅमचे ग्राइंडिंग, चावीचा (स्प्रॉकेटला शाफ्टवर अडकवणाऱ्या तुकड्याचा) गाळा, स्प्रॉकेटचे दात या प्रत्येक ठिकाणी थोडा फरक राहतो आणि त्यांची बेरीज टायमिंगमध्ये दिसते. म्हणून क्रँकवर अंशांची चकती बसवावी, पिस्टनला आडवा थांबा लावून दोन्ही दिशांच्या नोंदींच्या मधोमध खरा टॉप डेड सेंटर (पिस्टनची सर्वांत वरची जागा) काढावा आणि एक नंबर सिलिंडरच्या इनलेट पुशरॉडवर (कॅमची उचल झडपेकडे नेणाऱ्या दांडीवर) डायल गेज टेकवावे.

समजा, कमाल उचलीपेक्षा 0.10 मि.मी. कमी असताना चढतीला 74 अंश आणि उतरतीला 142 अंश मिळाले, तर कमाल उचल 108 अंशांवर आहे. कॅमच्या पत्रिकेत 106 लिहिले असेल, तर कॅम क्रँकच्या मापाने 2 अंश मागे आहे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरत असल्याने हीच दुरुस्ती कॅमच्या चावीत 1 अंशाची ठरते. ऑफसेट चावी (टायमिंग थोडे सरकवणारी, पायरी असलेली चावी) निवडताना तिच्यावरील अंश क्रँकचे आहेत की कॅमचे, हे नीट पाहावे. कॅमच्या या नोंदी घेताना इंजिन नेहमी चालण्याच्याच दिशेने फिरवावे. खूण ओलांडली गेली, तर बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, नाहीतर चेनचा ढिलेपणाच मोजला जातो.

प्रश्नकर्ता

संचात टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) नाही. चेन अगदी नवी असूनही मधल्या भागात किंचित हलते. हे चालेल का?

तिसरे उत्तर

लाइन बोअरिंगमुळे क्रँक किंचित वर सरकतो आणि क्रँक व कॅम यांच्यातील अंतर घटते, म्हणून नवी चेनही थोडी सैल वाटते. थोडी हालचाल चालते. मात्र चेन कव्हरला टेकण्याइतकी लवत असेल, तर अंतर मोजून त्यासाठी मिळणारी किंचित आखूड चेन घ्यावी.

दुहेरी चेनकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नये. मिनीच्या कूपर एस प्रकाराच्या इंजिनांना ती कारखान्यातूनच येत असे, त्यामुळे तिच्या टिकाऊपणाबद्दल शंका नाही. पण चेन ‘ताणली जाते’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तिच्या पिना आणि बुश झिजलेले असतात, आणि ही झीज घाणेरड्या तेलाने दुहेरी चेनमध्येही होते. झीज वाढली की कॅम मागे पडतो, आणि ऑफसेट चावीने साधलेले अंश तेवढे वाया जातात.

कव्हर लावण्यापूर्वी ऑइल थ्रोअरची (तेल सीलपासून दूर फेकणाऱ्या चकतीची) ‘एफ’ लिहिलेली बाजू पुढे आहे ना, हे पाहावे. कव्हरचे बोल्ट आवळण्याआधी पुली आत सरकवून सील मध्यभागी आणावे, म्हणजे तेथून तेल गळणार नाही.