एपोना अद्भुतकथेत जुनीच
‘झेल्डा’ या व्हिडिओ गेममधल्या घोडीला एपोना हे नाव केवळ कानाला गोड लागतं म्हणून दिलं असावं, असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. एपोना ही गॉल प्रदेशातली (साधारण आजचा फ्रान्स) घोड्यांची देवी. रोमन घोडदळाने तिची पूजा दूरवर नेली. आणि अद्भुतकथेत ती १९९८ च्या त्या गेमच्या कितीतरी आधी आली आहे! दुसऱ्या शतकातल्या आपुलेयुसच्या लॅटिन कादंबरीत जादूने गाढव झालेला ल्युसिअस तबेल्यात येतो. तिथे खांबावरच्या देव्हाऱ्यात एपोनाची मूर्ती, तिला ताज्या गुलाबांच्या माळा. गुलाब खाल्ले की तो पुन्हा माणूस होणार. तो मान उंचावतो, तेवढ्यात त्याचाच नोकर त्याला बदडून काढतो. तबेल्यातल्या पूजेचं इतकं जिवंत चित्र कोरड्या शिलालेखांतून कधीच मिळालं नसतं.