सीआयच्या (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या) चाचण्या हाकायला बॅश पुरेल का? सल्ला हवा आहे

रात्रपाळी

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढते.

आमच्या बिलिंगच्या प्रॉडक्टची १४ मॉड्यूल्स आहेत. काहींच्या चाचण्या जावात, काहींच्या पायथनमध्ये, दोन तर नुसत्या कर्ल मारून (सर्व्हरला विनंती धाडून) उत्तर तपासतात. हे सगळं एकच बॅश (कमांड चालवणारं एक शेल) स्क्रिप्ट हाकते. मूळ लिहिणारे गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेले. त्यानंतर वाड्याला मागून खोल्या काढत जावं तशी ती वाढत गेली आणि आज ११०० ओळींची आहे.

गेल्या महिन्यात ग्राहकाचा फोन आल्यावर कळलं की पेमेंट मॉड्यूलच्या चाचण्या तीन आठवडे नापास होत होत्या, आणि पाइपलाइन मात्र हिरवीगार, म्हणजे सगळं पास. आता मॅनेजरने हे निस्तरायला मला बसवलंय. माझी धाव ग्रेप आणि ऑक या मजकूर शोधायच्या-छाटायच्या कमांडींपर्यंत.

विचारायचं हे की अशा कामाला शेल ठेवावं की दुसऱ्या कशात लिहावं? शेल ठेवलं तर मॉड्यूल्स सुटी कशी करायची? आणि समांतर चालवायला काय वापरता? सध्या एकामागून एक चालतात, ५० मिनिटं जातात.

सांगलीकर

ताई, काडी लावा त्याला आणि पायथनमध्ये लिहा. गूगलच्या शेलसाठीच्या लेखन-नियमांतच म्हटलंय की स्क्रिप्ट १०० ओळींपुढे गेली की ती धड रचना असलेल्या भाषेत नेऊन लिहा. तुम्ही तर अकरापट पुढे आहात.

टर्मिनलमावशी

थांबा हो सांगलीकर, तपासायच्या आधीच पेशंटचा पाय कापायला निघालात.

रात्रपाळी, एक सांग. त्या पेमेंटच्या ओळीत चाचणीचं आउटपुट पाइपने टी कमांडला दिलंय का?

रात्रपाळी

मावशी, तुम्ही आमची स्क्रिप्ट कुठे पाहिलीत?? हो, दिलंय. आणि वर पहिल्याच ओळीत सेट -ई (कमांड पडली की तिथेच थांब) आहे, म्हणून तर सगळे निर्धास्त होते.

टर्मिनलमावशी

सगळ्यांकडे तेच असतं गं, पाहायची गरज नाही. (मोबाइलवरून देवनागरीत टंकतेय, तेव्हा कमांड जशाच्या तशा चिकटवू नका.)

टी म्हणजे प्लंबर नळाला लावतो तोच टी, पाणी इकडेही जातं आणि तिकडेही. चाचणीचं बोलणं स्क्रीनवर गेलं, लॉगच्या फाइलमध्येही गेलं. पण पाइपचा निकाल लावताना बॅश फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, ० म्हणजे ठीक) धरतं. चाचणी १ देऊन पडली, टीने फाइल नीट लिहून ० दिला, बॅशच्या लेखी आलबेल. सेट -ई असलं तरी काही होत नाही, कारण त्याच्यापर्यंत फक्त तो ० पोचतो. त्याला सेट -ओ पाइपफेल वेगळं लावावं लागतं, मग पाइपमधलं कुणीही पडलं तरी नापास धरतं.

गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहबच्या सीआयवर) असशील तर अजून एक मेख आहे. लिनक्स रनरवर (चाचण्या चालवणाऱ्या मशीनवर) शेल कोणतं ते लिहिलंच नाही तर पायरी नुसत्या बॅश -ई ने चालते. तेच 'शेल: बॅश' असं स्वतः लिहिलं की पाइपफेलही लागतं. आहे तेच बॅश, फक्त नाव घेऊन हाक मारली की जास्त शिस्तीत वागतं.

अशी आणखी तीन भोकं शोध. समांतर चालवायला जाशील तेव्हा पहिलं भोक लागेलच. चाचण्या पार्श्वभूमीला सोडायच्या आणि खाली नुसतं वेट लिहायचं, ही सर्रास सवय. नुसतं वेट सगळी पोरं घरी येईपर्यंत दारात उभं राहतं, पण कोण नापास होऊन आलं ते विचारत नाही. कायम ०. प्रत्येकाचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) लिहून ठेवायचा आणि एकेकाचं नाव घेऊन वेट करायचं, तेव्हा त्याचा खरा कोड हातात येतो.

दुसरं फार छुपं आहे. एखादं फंक्शन इफच्या अटीत किंवा दोन उभ्या दांड्यांच्या डावीकडे बोलावलं, की त्याच्या आत सेट -ई झोपी जातं. आतली तिसरी ओळ पडली तरी चौथी-पाचवी चालतच राहतात, आणि निकाल लागतो तो शेवटच्या ओळीचा. 'पेमेंट चालव, नाहीतर नापास म्हणून नोंदव' असं सुबक एका ओळीत लिहिणारी हुशार माणसं इथेच आपटतात. मीही आपटलेय, दोनदा.

तिसरं म्हणजे लोकल व्हेरिएबल जाहीर करताना त्याच ओळीत कमांडचं उत्तर भरणं. कमांड पडली तरी लोकलचा स्वतःचा ० वर येतो. शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) यावर एससी२१५५ म्हणून ओरडतं. शेलचेक लावलं नसशील तर आज जेवायच्या आधी लाव.

उंबरठा

+१. वाचनखूण साठवली. आमच्याकडे टी सात ठिकाणी सापडला. आता बॉसला काय सांगू?

सांगलीकर

मावशी, हेच तर माझं म्हणणं! ज्या भाषेत नापास झालेलं कळायलाच चार मंत्र म्हणावे लागतात, ती चाचण्या हाकायला का वापरायची?

टर्मिनलमावशी

कारण चाचण्या जावा, पायथन आणि कर्लच्या आहेत. त्यांच्यात सामायिक काय? प्रोसेस सुरू होते, संपते आणि एक आकडा देते. बस. पायथनमध्ये लिहिलंत तरी सबप्रोसेस उघडून तोच आकडा बघणार, आणि तिथेही रनला चेक (पडलं तर ओरड, हा पर्याय) द्यायला विसरलात तर असंच मुकाट पुढे जाल. तुमच्या १०० ओळींच्या नियमाशी भांडण नाही माझं. हाकणारी स्क्रिप्ट १०० ओळींच्या आत राहिलीच पाहिजे. ११०० ओळी झाल्या कारण हाकणाऱ्याने नांगरायलाही सुरुवात केली.

रात्रपाळी, मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. प्रत्येक मॉड्यूलची एक छोटी फाइल. तिला माहीत असतं की आपल्या चाचण्या कशा चालवायच्या, बाकी जगाचं काही नाही. हाकणारी स्क्रिप्ट तिला सोर्स करत (स्वतःतच वाचून चालवत) नाही, वेगळी प्रोसेस म्हणून चालवते. यात मघाचं झोपणारं सेट -ई आपोआप सुटतं, कारण नव्या बॅशला आईच्या घरातल्या इफची खबर नसते. शिवाय एका मॉड्यूलने सीडी करून डिरेक्टरी बदलली किंवा पाथ बिघडवला तर शेजाऱ्याला झळ लागत नाही.

दोघांत बोली एवढीच. ० म्हणजे पास, ७७ म्हणजे वगळली, बाकी काहीही म्हणजे नापास. ७७ मी काढलेला नाही, ऑटोमेकच्या चाचण्यांत 'वगळली' असाच धरतात. लिनक्स कर्नलच्या केसेल्फटेस्टमध्ये त्यासाठी ४ आहे, गिट बायसेक्ट रनला १२५ लागतो. कोणताही घे, पण १४ मॉड्यूल्सना एकच. 'वगळली'ला वेगळा आकडा नसला की लोक डेटाबेस सापडला नाही म्हणून मुकाट ० देऊन निघून जातात, आणि तुझे तीन आठवडे पुन्हा सुरू.

हाकणारीने आकडा नुसता छापू नये, वाचावा. १२७ असेल तर कमांडच सापडली नाही, म्हणजे रनरवर काही बसवायचं राहिलं. १२४ म्हणजे टाइमआउट कमांडने मुदत संपवली. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, सिगकिलने (जबरदस्तीने बंद करणाऱ्या सिग्नलने) मेली, आणि कंटेनरमध्ये बहुतेक वेळा मेमरी संपली असा अर्थ. या तिन्हींना 'चाचणी नापास' म्हणून डेव्हलपरच्या गळ्यात मारलंस तर चार दिवसांत तुझ्या लाल रंगाकडे कुणी बघणार नाही.

चांगला नमुना वाचायचा असेल तर खुद्द गिटच्या सोर्समधली सीआय नावाची डिरेक्टरी उघड. लिब.एसएच मध्ये सामायिक गोष्टी, अवलंबित्वं बसवायची फाइल वेगळी, बिल्ड आणि चाचण्या चालवायची वेगळी, नापास चाचण्यांचे लॉग छापायची वेगळी. गिटहबवर आहोत की गिटलॅबवर, ते लिब.एसएच ओळखते आणि लॉगच्या घड्या त्याप्रमाणे घालते. सीआयच्या पायऱ्या लिहिलेल्या यामल फाइलीत फक्त बोलावणं. असं असलं की तीच स्क्रिप्ट आपल्या लॅपटॉपवरही चालते, आणि 'पुश करून बघू काय होतं' हा खेळ थांबतो.

भाजणी

समांतरबद्दल माझे दोन पैसे. एक्सआर्ग्स -पी (यादीतल्या कमांडी एकाच वेळी सोडणारं) सगळीकडे असतं, पण १४ मॉड्यूल्सचं आउटपुट एकमेकांत कालवून देतं. लॉग वाचताना भेळ होते. त्याचे कोडही समजून घ्या. जीएनयूच्या एक्सआर्ग्समध्ये एखादी कमांड १ ते १२५ देऊन पडली तर शेवटी १२३ मिळतो, म्हणजे कोण पडलं ते हरवलं. आणि कमांडने २५५ दिला तर एक्सआर्ग्स तिथेच गाशा गुंडाळतं, उरलेल्या चाचण्या सुरूच होत नाहीत.

मी जीएनयू पॅरलल वापरतो. प्रत्येक जॉबचं आउटपुट एकत्र धरून छापतं, जॉबलॉग फाइलीत कुणाला किती वेळ लागला आणि कोड काय ते मिळतं. एक पडलं की थांबायचं की सगळी संपवायची, तेही हॉल्ट पर्यायाने ठरतं. चाचण्यांना मी कधीच थांबवत नाही. एका फेरीत सगळी लाल दिसलेली बरी.

दोन_डबे

मेक! मेक -जे -के -ओ. -जे समांतर चालवतं, -के एखादं पडलं तरी पुढे जातं, -ओ प्रत्येक टार्गेटचं आउटपुट सलग ठेवतं. कोणामागून कोण हे अवलंबित्व फुकटात मिळतं. शेलमध्ये ते लिहायला बसलात तर ११०० ओळी परत.

उंबरठा

-ओ जीएनयू मेक ४.० पासून, २०१३. मॅकबरोबर येणारं मेक ३.८१ आहे, तिथे तो पर्याय ओळखतच नाही. मॅकवरचं बॅशही ३.२, परवाना जीपीएल ३ झाल्यावर तिथेच अडकलेलं. म्हणजे असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नावाने शोधायच्या याद्या) नाहीत (ते ४.० पासून), वेट -एन (कोणतंही एक संपेपर्यंत थांबणं) नाही (४.३ पासून). आमच्या निम्म्या टीमकडे मॅक आहेत, स्क्रिप्ट सीआयवर चालते आणि त्यांच्याकडे पडते. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमध्ये तर बॅशच नसतं, बिझीबॉक्सचं अ‍ॅश असतं.

टर्मिनलमावशी

उंबरठा म्हणतात ते आधी ठरवा. कुठे कुठे चालायला हवी, त्यावरून बॅश की साधं एसएच. १४ मॉड्यूल्ससाठी मला मेक किंवा पॅरलल दोन्ही चालतील. पीआयडींची यादी ठेवून हाताने वेट केलंत तरी ३० ओळींच्या वर जात नाही, आणि बॅश ३.२ वरही चालतं.

पण समांतर करायच्या आधी रात्रपाळी, तुमच्या चाचण्या एकाच डेटाबेसवर नाहीत ना? आणि एकच पोर्ट?

रात्रपाळी

एकच पोस्टग्रेस, ५४३२ वर. टेबल रिकामी करून सुरुवात करतात सगळे. :(

टर्मिनलमावशी

मग ५० मिनिटांचं खरं कारण ते आहे, शेल नाही. मॉड्यूलच्या नावाने वेगळा डेटाबेस काढून दे, तात्पुरत्या फाइलींना मकटेम्प -डी ने वेगळी डिरेक्टरी, आणि ट्रॅप एक्झिटवर (स्क्रिप्ट संपताना) दोन्हीची साफसफाई. ते होईपर्यंत समांतरच्या नादी लागू नकोस. आज पास, उद्या नापास असल्या चाचण्या पोसत बसशील.

सांगलीकर

बरं, शेल तर शेल. मग एक मीही सांगतो, स्वतः पोळलेलो आहे. एका जुन्या प्रोजेक्टवर चाचण्यांच्या फाइली आम्ही चार रनरवर वाटत होतो. यादी सॉर्ट करायची आणि ऑकने ओळ क्रमांकाला ४ ने भागून उरलेली बाकी बघायची. सोपं. पण एका रनरचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) वेगळं निघालं. सॉर्टचा क्रम लोकेलवर ठरतो, तेव्हा त्याची यादी वेगळी लागली. काही चाचण्या दोनदा चालायच्या, काही कुठेच नाही. सगळं हिरवं. सॉर्टच्या आधी एलसी_ऑल=सी लिहा आणि झोपा.

भाजणी

सांगलीकर, हे भारी आहे. आणि भयंकरही.

रात्रपाळी

धागा वर काढते. दोन आठवडे झाले.

स्क्रिप्ट ८२ ओळींवर आली, मॉड्यूल्सच्या १४ फाइली वेगळ्या. सांगलीकर, १०० च्या आत आहे, नोंद घ्यावी. पाइपफेल लावून पहिल्यांदा चालवली तर पेमेंटसोबत आणखी दोन मॉड्यूल्स लाल. एक १२७ होतं, त्याला लागणारं जेक्यू नव्या इमेजमध्ये कुणी बसवलंच नव्हतं. दुसरं खरंच नापास. मॅनेजरचं पहिलं वाक्य, "आधी तर सगळं चालत होतं."

डेटाबेस वेगळे करायचं अर्धं झालंय. नऊ मॉड्यूल्स समांतर चालतात, पाच अजून रांगेत. वेळ २३ मिनिटांवर आला. पॅरलल नको म्हटलं, वेटच वापरलं, कारण आमच्यातही दोन मॅकवाले निघाले.

एक कोडं मात्र सुटत नाहीये. रिपोर्ट्स मॉड्यूल चार सेकंदांत पास होतं, कोड ०. पूर्वी त्याला सहा मिनिटं लागायची.

टर्मिनलमावशी

लॉगमध्ये बघ, किती चाचण्या चालल्या म्हणतोय.

रात्रपाळी

शून्य. डिरेक्टरीचं नाव बदललंय, फाइंडला एकही फाइल मिळत नाही, लूप एकदाही फिरत नाही आणि ० देऊन बाहेर.

टर्मिनलमावशी

मॉड्यूलशेजारी एका फाइलीत किमान किती चाचण्या चालायला हव्यात तो आकडा लिहून ठेव. हाकणारी स्क्रिप्ट लॉगमधला आकडा त्याच्याशी ताडून बघेल, कमी भरला तर नापास. आकडा कमी करायचा असेल तर कुणीतरी ती फाइल बदलून रिव्ह्यूला टाकायला हवी.

रात्रपाळी

आज रात्री १४ ही मॉड्यूल्सचे आकडे काढते. ८२ च्या ९० ओळी होतील, सांगलीकर चालवून घ्या.

सांगलीकर

९९ पर्यंत मुभा आहे, ताई.