मदत हवी आहे: ७ मेगाहर्ट्झवर २१चं स्टेशन घुसतंय, मिक्सर आठ फेजचा करू का?

नमस्कार मंडळी,

हर्णैजवळ राहतो, हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, नाद आहे. घरीच जुळवलेला डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर (सिग्नल थेट आवाजात उतरवणारा) वापरतो. एसआय-५३५१ चिपचं क्लॉक (हाच ऑसिलेटर), एफएसटी-३२५३ या स्विच चिपचा चार फेजचा सॅम्पलिंग मिक्सर (सिग्नल आणि क्लॉक मिसळून फरक काढणारा), पुढे ऑडिओ. अँटेनाच्या बाजूला २२ मेगाहर्ट्झचा एकच लो पास फिल्टर (त्यावरचं सगळं अडवणारा), आणि ३.५, ७, १४, २१ हे चारही बँड त्याच बोर्डवर.

दुपारच्या वेळी ७.१६च्या वर गेलं की कुठलंतरी परदेशी प्रक्षेपण मध्येच बोलायला लागतं. ते तिथलं नाही हे नक्की, कारण डायल १०० हर्ट्झ सरकवला की शिट्टी ३०० हर्ट्झने सरकते. म्हणजे ऑसिलेटरचा तिसरा हार्मॉनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची तिप्पट) २१.४८ला जाऊन तिथल्या १३ मीटर प्रक्षेपण पट्ट्यातलं स्टेशन खाली ओढतोय. स्क्वेअर वेव्हने मिक्सिंग केल्यावर तिसऱ्याचा जोर मूळच्या एक तृतीयांश, म्हणजे जेमतेम साडेनऊ डीबी खाली. त्यात डायपोल (तारेची अँटेना) ७साठी कापलेला, दोन माडांच्या मध्ये वीस मीटर तार. अशी तार २१लाही झकास रेझोनेट होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! सम हार्मॉनिकचा त्रास नाही, मिक्सर बॅलन्स्ड आहे.

"प्रत्येक बँडला वेगळा फिल्टर लाव" हे कळतं हो. पण त्याला रिले (विजेवर हलणारे स्विच) आले. इथल्या खाऱ्या हवेत साध्या रिलेचे कॉन्टॅक्ट पावसाळाभरात काळे पडतात, मग सिग्नल येतो-जातो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही बसले. तेव्हापासून माझा हट्ट आहे की बॅटरी जोडली की रेडिओ चालला पाहिजे, पेटी उघडून कॉन्टॅक्ट घासत बसायला नको.

म्हणून हार्मॉनिक रिजेक्शन मिक्सर करायचं मनात आहे. ४५-४५ अंशांच्या (आवर्तनाच्या आठव्या भागाच्या, म्हणून आठ फेज) अंतराने तीन मार्ग, बेरजेतली वजनं १ : √२ : १. बेरजेत मूळ सिग्नल टिकतो, तिसरा आणि पाचवा एकमेकांना खाऊन टाकतात, सातवा उरतो. ७ वर सातवा म्हणजे ४९, तो फिल्टरच बघून घेईल.

अडलंय ते इथे: √२ किती अचूक लागतो? एसआय-५३५१च्या तीन आउटपुटांना फेज देऊन भागेल का? आणि २१ वर आठ पट क्लॉक म्हणजे १६८ मेगाहर्ट्झ, ते कुठल्या काउंटरला (क्लॉकचे ठोके मोजून फेज पाडणाऱ्या चिपला) झेपणार?

पोफळीवाला:
दादा, सीलबंद रिले मिळतात की. एवढा खटाटोप कशाला?

धागाकर्ता:
सीलबंदही वापरून झाले. शिवाय आता खाज सुटलीय, करूनच बघायचंय. 🙂

जुना_व्हॉल्व्ह:
रेझिस्टरची काळजी सोडा. बाजूच्या दोन मार्गांना १० के आणि मधल्याला १० के व २४ के समांतर. ७.०६ के येतात, गुणोत्तर १.४१७. मधलं वजन एक टक्का चुकलं तरी तिसरा साधारण ५५ डीबी खाली राहतो.

खरा घोळ फेजचा. बाजूचा एक मार्ग एक अंश सरकला की तुम्ही ४४ डीबीवर येता, कारण मूळचा एक अंश तिसऱ्या हार्मॉनिकला तीन अंश होतो. ७.१ वर एक अंश म्हणजे ०.३९ नॅनोसेकंद. त्यामुळे तीन आउटपुटांचा नाद नको. एकच क्लॉक घ्या, ७.१६साठी ५७.२८ मेगाहर्ट्झ, तो ७४एसीटी१६३ काउंटरला द्या आणि त्याचे तीन बिट एफएसटी-३२५१ या आठ मार्गांच्या स्विचला. ७४एसी मालिकेतला नको, ७४एसीटीच घ्या. ५ व्होल्टवर ७४एसीला 'हाय' म्हणून ३.५ व्होल्ट लागतात आणि तुमचं क्लॉक ३.३चं आहे. काउंटर ते स्विच या तीन ट्रॅकची लांबी सारखी ठेवा, आणि आठही कपॅसिटर एकाच पट्टीतले घ्या.

१४ आणि २१ वर आठ फेज हवेतच कशाला? तिथे तिसरा ४२ आणि ६३ला पडतो, फिल्टरच्या बाहेर. जुना ३२५३ तसाच राहू द्या, दोन्ही चिप समांतर जोडा आणि एनेबल पिनने (चिप चालू-बंद करणारी पिन) हवी ती चालू करा. रिले नाही, कॉन्टॅक्ट नाही.

धागाकर्ता:
एनेबल पिनचं डोक्यातच आलं नव्हतं, काका! एक राहिलं. ३.५ वर सातवा २४.५ला येतो, तो २२च्या फिल्टरला अगदी खेटून आहे.

जुना_व्हॉल्व्ह:
सातव्याला मुळातच १७ डीबीची सूट आहे. वर एलिप्टिक फिल्टर करून त्याचा नॉच (सर्वात जास्त अडवणारा खड्डा) २५च्या आसपास बसवा, ३.५ ते ३.७चा सातवा २४.५ ते २५.९ मध्येच येतो. कॉइलसाठी टी-५०-६ टोरॉइड (कड्याच्या आकाराचे गाभे) चालतील. गुंडाळून झाल्यावर वार्निश मारा, तुमच्याकडे ते लागणारच.