अपक्ष उमेदवाराचे चिन्ह मतदारांपर्यंत कसे पोहोचवावे? मदत हवी आहे

नमस्कार. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत मी आमच्या तालुक्यातील एका अपक्ष उमेदवारासाठी स्वयंसेवक म्हणून काम केले. अपक्षाला चिन्ह मिळते ते अर्जमाघारीची मुदत संपल्यावर. ती मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला होते, म्हणजे प्रचारबंदीचे शेवटचे ४८ तास वगळता चिन्ह घरोघरी पोहोचवायला जेमतेम दोन आठवडे हाती होते. त्यातच मतदानयंत्रावर अपक्षांची नावे सर्व पक्षांच्या उमेदवारांनंतर येतात व एका यंत्रावर सोळाच बटणे असतात, त्यामुळे आमच्या उमेदवाराचे नाव दुसऱ्या यंत्रावर गेले. वाडीवरच्या एक आजी मतदान करून आल्यावर म्हणाल्या, "बाळा, कुकर काही दिसला नाही रे, पहिल्याच पेटीवर शोधत राहिले." ते वाक्य अजून मनातून जात नाही.

पुढच्या निवडणुकीची तयारी आम्ही आतापासूनच करत आहोत. दुसऱ्या यंत्राची सवय वयस्कर मतदारांना आपण कशी करून दिलीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे. दुसरी अडचण मतदान प्रतिनिधींची आहे. पहाटेच्या अभिरूप मतदानापासून (यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान) संध्याकाळी नमुना १७-सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत हाती पडेपर्यंत केंद्रावर बसणारी, पैशांची अपेक्षा न ठेवणारी माणसे कशी जमवावीत? आमची निम्मी केंद्रे दुपारनंतर रिकामी होती.